बिनआवाजाचं ‘हळदीचं बोट’

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं.

एरवी त्या आवाजाचं काय एवढं! पण त्या दुपारी आमच्या घरात इतकी शांतता होती की मी श्वाससुद्धा बेताबेतानं घेत होते. रेवा माझ्या मांडीवर झोपली होती. आठ महिन्यांची होती तेव्हा, आणि तिची झोप सायीसारखी. जरा फुंकर लागली की फाटायची. माझ्या डाव्या हातावर तिचं डोकं, उजव्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर ‘हळदीचं बोट’ नावाचा साठ वर्षांपूर्वीचा काळापांढरा सिनेमा, आवाज पूर्ण बंद. सिनेमा संपायला सात मिनिटं होती. दूध उतू जायला सात सेकंद.

मी ओट्याकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं, रेवाकडे बघितलं. दूध जिंकलं. गॅस बंद करेपर्यंत रेवानं भोकाड पसरलं होतं आणि घड्याळात पावणेचार झाले होते. रविवार. चार वाजता मंडळ.

मंडळ म्हणजे गणपतीचं नव्हे. कराडातल्या आमच्या तीन मजली इमारतीतली चार माणसं आठवडाभरात एक जुना सिनेमा आपापल्या घरी बघायची आणि रविवारी दुसऱ्या मजल्यावर लोखंडेबाईंच्या गॅलरीत जमून त्यावर बोलायची. बोलायची म्हणजे भांडायची. लोखंडेबाई निवृत्त गणित शिक्षिका. त्यांच्या वहीत प्रत्येक सिनेमाला दहापैकी गुण असत आणि पाव गुणसुद्धा त्या फुकट सोडत नसत. सुभानभाई शिकलगारांचं खाली रस्त्यालगत मिक्सर-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. सिनेमे तेच कुठून कुठून मिळवायचे आणि आम्हाला वाटायचे. त्यांच्या मते सिनेमा म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये येणारी अडचण. तळमजल्यावर एकटे राहणारे अप्पा ढवळे हे मंडळाचे अध्यक्ष. अप्पांनी चौतीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या पुकारल्या होत्या. आवाज असा, की ‘चहात साखर कमी आहे’ म्हणाले तरी वाटायचं, आता सगळ्यांनी पिशव्या उचलून फलाट चारकडे पळायचं आहे. विनोद करताना चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

आणि चौथी मी, केतकी. नवऱ्याच्या, हर्षदच्या, साखर कारखान्यातल्या नोकरीमुळे कराडला आलेली. हंगाम सुरू झाला की हर्षद रविवारीही प्रयोगशाळेत. बाकीचे सहा दिवस मला लोक एकच विचारायचे: दूध पुरतं का? झोपते का? शी नीट होते का? रविवारी चार ते सहा मात्र तीन माणसं माझ्याकडे बघून विचारायची, “तुला काय वाटलं गं?” त्या एका प्रश्नासाठी मी आठवडा काढायचे.

मंडळाचे नियम दोन. पहिला लोखंडेबाईंचा: सिनेमा पूर्ण बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, उघडलं आणि सापडलं, तर तीन महिने बाहेर. पहिल्या मजल्यावरचे बँकेतले करंदीकर नेटवर कथा वाचून बोलले होते. सापडले. तीन महिने संपून वर्ष झालं तरी ते जिन्यात आमच्याकडे बघत नसत. दुसरा नियम अप्पांचा, दोन वर्षांपूर्वी केलेला: आधी प्रत्येकानं डोळ्यांनी टिपलेली एक गोष्ट सांगायची. “संवाद नकोत. संवाद ऐकू येतात मला. दिसलं काय ते सांगा.”

मी रेवाला कडेवर घेतलं, दुधाचं पातेलं तसंच टाकलं आणि वर गेले. सात मिनिटं बघायची राहिलीत, हे कुणाला कळणार होतं?

“हं, डोळ्यांची गोष्ट,” अप्पा म्हणाले. “सुभान, तू.”

“गाण्यात हिरॉइनच्या कानात कुड्या आहेत अप्पा. दुसऱ्या कडव्यात नाहीत. तिसऱ्या कडव्यात परत आहेत.”

“मधल्या कडव्यात सराफाकडं पॉलिशला दिल्या असतील. बाई, तुम्ही?”

“भिंतीवरचं घड्याळ,” लोखंडेबाईंनी वही उघडली. “संपूर्ण सिनेमात दहा वाजून दहा मिनिटं. लग्न दहा दहाला, बारसं दहा दहाला, भांडण दहा दहाला. अर्धा गुण कापला.”

“पोरी, तू?”

मी याच क्षणाची वाट बघत होते. “वेणी,” मी म्हणाले. “थोरली धाकटीची वेणी घालते तो प्रसंग. आधी टाळूवर तेल घालून जिरवते, मग तीन पेड घेते. धाकटीचा हात हळूच मागं येतो आणि थोरलीच्या गुडघ्यावर टेकतो. तिथून पुढं थोरली वेणी सावकाश घालायला लागते. शेवटापर्यंत येते आणि सगळी सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. संपू नये म्हणून. मला माझी ताई आठवली. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं माझी अशीच वेणी घातली होती, तीनदा सोडून. बहिणी-बहिणींचं इतकं खरं मी कुठल्याच सिनेमात बघितलेलं नाही. आणि तो फेटेवाला बाप सारखा त्यांच्या मध्ये येऊन उभा राहतो ना, त्याचा इतका राग आला!”

सुभानभाईंचं बिस्किट चहात विरघळून तळाशी गेलं.

“कोण बाप?” लोखंडेबाईंनी विचारलं.

“तो... पांढऱ्या मिशांचा.”

“अगं, नवरा आहे तो!”

“कुणाचा?”

“दोघींचा!”

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लोखंडेबाईंनी वहीचं पान उलटलं. “सवती आहेत त्या, केतकी. आणि वेणी घालताना थोरली काय म्हणते, मी लिहून घेतलंय. ‘या केसांनीच माझं घर गिळलं. एक दिवस मुळासकट उपटीन.’ बहिणी म्हणे! तू बघितलास ना सिनेमा?”

“बघितला,” मी म्हणाले. मग रेवानं माझ्या गळ्यातली साखळी तोंडात घातली, ती काढता काढता माझा धीर सुटला. “पण आवाज बंद करून. हिला झोपवून बघते ना. जरासा आवाज झाला की उठते. एकदा इअरफोन घातले होते, तर ही रडून रडून निळी पडेपर्यंत मला कळलं नाही. परत नाही घातले.”

“म्हणजे गेले आठ महिने...”

“सगळेच,” मी म्हणाले. “बत्तीस सिनेमे.”

“गाणी न ऐकता?” सुभानभाईंनी कपाळावर हात मारला. “वहिनी, बत्तीस सिनेमे? म्हणजे एकशे ऐंशी गाणी! माझ्या पेनड्राइव्हवर पाणी ओतलंत की हो तुम्ही!”

“गणितात उत्तर बरोबर आणि रीत चुकली तर मी निम्मे गुण द्यायचे,” लोखंडेबाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, पण करंदीकरांना बाहेर काढताना हा माझा नियम आहे असं त्याच म्हणाल्या होत्या. “इथं उत्तरही चुकलंय. अप्पा, नियमाप्रमाणे हे बघणं धरायचं का?”

मी अप्पांकडे बघितलं. तीन महिने. तीन महिने रविवारी चार वाजता मी काय करणार होते? झबली घड्या घालणार होते.

अप्पा डोळे मिटून बसले होते. “उपटीन म्हणते तेव्हा तिचे हात काय करत होते?”

“तेल जिरवत होते,” मी म्हणाले. “अगदी हळू. बोटांच्या टोकांनी.”

“आणि चेहरा?”

“चेहरा आपल्याला दिसतो, धाकटीला दिसत नाही. रागाचा नव्हता. म्हणून तर मला बहिणी वाटल्या.”

“हे मला माहीतच नव्हतं,” अप्पा म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे, लक्षात आलं नव्हतं.”

लोखंडेबाई वहीत बघत होत्या. “मी तेव्हा संवाद उतरवून घेत होते,” त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या.

तोडगा सुभानभाईंनी काढला. पुढच्या रविवारी सगळ्यांनी माझ्याकडे जमायचं, रेवाला झोपवायचं आणि हाच सिनेमा टीव्हीवर आवाज बंद करून बघायचा. वहिनी म्हणतात ते नुसत्या डोळ्यांना दिसलं, तर वहिनी मंडळात. नाही दिसलं तर तीन महिने बाहेर.

“आवाज बंद करून?” अप्पा एकदम ताठ झाले. “हे काय डोंबलाचं बघणं! काय गरज आहे?”

“अहो, आत्ता तुम्हीच तर हात, चेहरा विचारत होता!”

“मी येणार नाही.”

“अध्यक्षच नाही आले तर निकाल कोण देणार?” लोखंडेबाई म्हणाल्या. “दोन विरुद्ध एक. ठरलं.”

सात मिनिटांबद्दल मी तोंडातून शब्द काढला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी अडीचला मंडळ पायांचे चवडे टेकत आमच्या घरात शिरलं. डिसेंबर होता, पंखे बंद. खिडकीवर सोलापुरी चादर लावून मी अंधार केला होता. रेवा त्याच खोलीत पाळण्यात झोपली होती, कारण दुसऱ्या खोलीत ठेवलं की तिला झोपेतही कळायचं. ज्याचा आवाज होईल त्यानं महिनाभर सगळ्यांचा चहा करायचा, असं सुभानभाईंनी खुणांनी जाहीर केलं. अप्पांना त्यांनीच हाताला धरून आणलं होतं. ‘पळून जाताय की काय’ अशी त्यांची थट्टा चालली होती. अप्पा माझ्या शेजारी दिवाणावर बसले.

सिनेमाप्रेमी माणसं मुकी झाली की काय दिसतात! गाणं सुरू झालं की सुभानभाई सवयीनं डोळे मिटायचे, मग आठवण होऊन दचकून उघडायचे आणि मांडीवर बोटांनी ताल धरायचे. लोखंडेबाई संवादाच्या जागी ओठ हलवत होत्या; त्यांना सगळे पाठ झाले होते. वेणीचा प्रसंग आला तेव्हा मात्र त्यांचे ओठ थांबले. धाकटीचा हात मागं आला, गुडघ्यावर टेकला. थोरलीनं वेणी सोडली, पुन्हा धरली. लोखंडेबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्याकडे न बघता मान हलवली.

अप्पा अवघडून बसले होते. दर दोन मिनिटांनी माझ्याकडे झुकून विचारत, “आता? आता तुझ्या मते काय चाललंय?” परीक्षा घेतल्यासारखं. अप्पांची कुजबुज म्हणजे पाटणच्या गाडीची घोषणाच. रेवाची पापणी थरथरली की आम्ही सगळे गोठायचो. मी त्यांच्या कानाशी सांगत होते: आता धाकटी विहिरीवर गेलीय. आता थोरली दारात उभी आहे, कडीला हात आहे.

शेवटची दहाएक मिनिटं राहिली असताना वीज गेली.

सुभानभाईंनी दोन्ही हात वर करून देवाकडे दाद मागितली. लोखंडेबाईंनी तोंडावर पदर धरला. सगळं खुणांनी. टीव्ही काळा ठिक्कर पडला होता. त्या शांततेत अप्पा काळ्या टीव्हीकडे बघत मान डोलवून म्हणाले, “वा! काय डोळे आहेत बाईचे. असं बघणं आता कुणाला जमायचं नाही.”

सुभानभाईंनी खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला. लोखंडेबाईंचे खांदे गदगदा हलायला लागले. अप्पांचा असला विनोद वर्षानुवर्षांत झाला नव्हता. मीही ओठ चावून हसत अप्पांकडे वळले.

अप्पा विनोद करून झाला की डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे, हसले का सगळे. आता बघत नव्हते. देवळात गर्दीच्या मागं उभं राहून माणूस हनुवटी वर करतो, दर्शन होईल म्हणून, तशी त्यांची हनुवटी वर होती. ओठ जरासे उघडे. “आणि मागं ती पणती,” ते म्हणाले. “वा.”

सिनेमात पणती नव्हती.

माझं हसू जागच्या जागी थांबलं. तेवढ्यात सुभानभाईंच्या नाकातून फुर्रकन आवाज आला, रेवा उठली, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. महिन्याचा चहा सुभानभाईंवर गेला. वीज संध्याकाळपर्यंत आली नाही.

“वेणी मान्य,” लोखंडेबाई निघताना म्हणाल्या. “दिसतंय ते मान्य. पण एका वेणीनं सवती बहिणी होत नाहीत. शेवट बघा ना. थोरली घर सोडून निघते आणि धाकटी मागं धावते ती तिला अडवायला. का, तर लोक नावं ठेवतील. त्यात माया कुठंय? केतकी, शेवटाबद्दल तुझं काय मत?”

मला शेवट माहीत नव्हता. मी रेवाची लाळ पुसली. ती पुसण्याजोगी नव्हती तरी पुसली. “शेवट... मला वाटतं...”

“शेवट पुढच्या रविवारी,” अप्पा म्हणाले. “आज मंडळाची वीज गेलीय.” आणि सुभानभाईंचा खांदा धरून ते जिना उतरले. खांदा सुभानभाईंनी दिला नव्हता, अप्पांनीच घट्ट धरला होता, हे आता मी नीट बघितलं.

सोमवारी दुपारी दार वाजलं. अप्पा एकटेच. हातात माझी स्टीलची वाटी. महिन्यापूर्वी त्यातून त्यांना खीर दिली होती. दुसरा हात भिंतीला लागलेला.

“वाटी द्यायला आलो,” ते म्हणाले. आत येऊन खुर्ची चाचपून बसले. “तू शेवट बघितलेला नाहीस.”

मी दार लावून घेतलं. “कशावरून?”

“आवाजावरून. चौतीस वर्षं खिडकीत बसलो होतो पोरी. गाडी चुकलेलं माणूस ‘पुढची कधी’ विचारतं ना, तसा आवाज काढलास काल.”

“सात मिनिटं राहिलीत,” मी म्हणाले. “दूध उतू जात होतं.”

“हं.”

रेवा जमिनीवर पालथी पडून अप्पांच्या चपलेच्या दिशेनं सरकत होती. मी चप्पल बाजूला सरकवली. मग म्हणाले, “अप्पा, काल वीज गेली होती.”

“ते सांगितलंत की तुम्ही सगळ्यांनी.”

“मागाहून सांगितलं. तुम्ही ‘वा’ म्हणालात तेव्हाच गेलेली होती.”

अप्पांनी हातातली वाटी एकदा फिरवली. “अस्सं,” ते म्हणाले. “तरीच ते गाढव नाकानं हसलं.” मग वाटी मांडीवर पालथी घातली. “उजेड कळतो मला. खिडकी कुठं, दार कुठं, एवढं. तुमच्या त्या टीव्हीच्या डबड्याचा उजेड कसला कळतोय! दोन वर्षं झाली. साताऱ्याचा डॉक्टर म्हणाला, गेलेलं येणार नाही, उरलंय ते जपा.”

“तुमच्या मुलाला माहीत आहे?”

“खुळी आहेस का? त्याला कळलं की दुसऱ्या दिवशी पुण्याला उचलून नेईल. चौदावा मजला. चांगला आहे पोरगा, वाईट नाही. पण तिथं मी खुर्चीत बसणार आणि सून सकाळ-संध्याकाळ विचारणार, जेवलात का, झोप लागली का, पोट साफ झालं का.”

मी एकदम हसले. माझ्या हसण्याचा त्यांना अर्थ लागला नाही, आणि मी तो सांगितलाही नाही.

“सिनेमे कसे बघता मग?”

“ऐकतो. सुभान देतो तो लावतो आणि ऐकतो. आणि रविवारी तुम्ही कुड्या सांगता, घड्याळ सांगता, वेणी सांगता. ते घरी जाऊन जागच्या जागी बसवतो.”

म्हणजे तो नियम! दोन वर्षं आम्ही ‘डोळ्यांची गोष्ट’ शोधून आणत होतो, एकमेकांवर कुरघोडी करत होतो, आणि तळमजल्यावर अप्पा त्या एक एक करून सिनेमात लावत होते.

“कुणाला सांगू नकोस,” अप्पा म्हणाले. हे मात्र स्टँडच्या आवाजात नव्हतं.

“तुम्ही माझी सात मिनिटं सांगू नका.”

“मी अध्यक्ष आहे,” अप्पा म्हणाले. “मला लाच देतेस?”

“हो.”

“मग दे. लाव ती सात मिनिटं. मी ऐकलाय शेवट, पण कुणाला कळू न देता तो कुणाला विचारायचा? दार आपटल्याचा आवाज येतो. मग बांगड्या. मग काही नाही, नुसता वारा. दाराच्या आत कोण राहिलं, बाहेर कोण गेलं, काही पत्ता लागत नाही.”

“बाई म्हणाल्या ना, धाकटी अडवायला धावते.”

“बाईंना दहा दहाचं घड्याळ दिसतं. तू बघ.”

“आवाज लावला तर ही रडेल.”

“दे इकडं तिला.”

त्यांनी रेवाला छातीशी धरलं आणि घशातल्या घशात घुमायला लागले. गाणं नव्हतं ते. बहुधा एसटीच्या गाड्या होत्या: ढेबेवाडी, उंडाळे, मसूर, उंब्रज. मी मोबाइलचा आवाज एक रेघ वाढवला. मग दोन. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या घरात सिनेमा बोलला. रेवानं अप्पांच्या शर्टाचं बटण धरलं, आणि त्या गाड्या पुरत्या सुटायच्या आत ती झोपली.

“सांग.”

“थोरली देवाला नमस्कार करतेय. आता दाराकडे येतेय. नवरा खुर्चीत, पाठ फिरवून. ती दाराबाहेर पडली.”

दार धाडकन वाजलं. रेवा हलली नाही.

“लागलं,” अप्पा म्हणाले. “कुणी लावलं?”

“थांबा. नवरा अजून खुर्चीतच आहे. दार बाहेरून लागलंय. धाकटीनं लावलं, अप्पा! तीही बाहेर आहे. आता थोरलीमागं धावतेय.”

“बांगड्या. दोघींच्या ना? एकीच्या काचेच्या आहेत, एकीच्या जड.”

“दोघींच्या. धाकटीनं तिला गाठलं. दंड धरला.”

“म्हणजे अडवते.”

“हो, असं वाटतंय... थांबा.” मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मागं गेले, पुन्हा बघितलं. “अप्पा, धाकटीच्या काखेत गाठोडं आहे.”

“काय?”

“गाठोडं. पदराखाली आहे, नीट दिसत नाही. धावताना पदर उडतो तेव्हा एकदाच दिसतं. अडवायला जाणारी बाई आपलं गाठोडं बांधून जाते का?”

अप्पा इतक्या मोठ्यानं हसले की खिडकीवरचं कबूतर उडालं. त्यांच्या छातीवर रेवा वरखाली होत राहिली, झोपेतच. “आत कोंडला!” ते म्हणाले. “त्या फेटेवाल्याला आत कोंडून दोघी निघाल्या! साठ वर्षं हा सिनेमा लोकांना कळला नाही, पोरी. आम्ही सगळ्यांनी नुसता दार आपटल्याचा आवाज ऐकला.”

“वाराच आहे आता,” मी म्हणाले. “रस्ता आहे आणि दोन बायका. पाठमोऱ्या.”

“चालतायत कशा?”

मी नीट बघितलं. “भांडत,” मी म्हणाले. “थोरली काहीतरी बडबडतेय आणि धाकटी ऐकून घेतेय.”

“बरोबर,” अप्पा म्हणाले. “म्हणजे बहिणीच.”

पुढच्या रविवारी मी गाठोडं सांगितलं. लोखंडेबाईंनी ते पटकन मान्य केलं नाही. चार वेळा मागं-पुढं करून बघितलं, सुभानभाईंकडून भिंग मागवलं. मग वहीत साडेपाचवर काट मारून पावणेसात केले. अप्पांनी निकाल पुकारला: केतकी मंडळात राहील, मात्र नवऱ्याला बाप म्हटल्याबद्दल सुभानच्या चहाबरोबर महिनाभर खारी तिची. आणि यापुढे अध्यक्ष दर सोमवारी सिनेमा केतकीच्या घरी बसून बघतील, कारण तिला मूल सांभाळायला माणूस हवा आहे. कुणाला शंका आली नाही. लोखंडेबाई तर म्हणाल्या, अप्पा, तुम्ही किती चांगले आहात हो.

त्याला आता सहा वर्षं होतील. अप्पांच्या मुलाला पुढच्या दिवाळीत सगळं कळलंच. बॅग भरायला आला होता. अप्पांनी त्याला एवढंच विचारलं, “तिथं मला सिनेमा कोण सांगणार?” आणि मुलगा दोन दिवस राहून, सोमवारी आमच्याकडे अर्धा सिनेमा बसून, एकटाच परत गेला. लोखंडेबाईंना कळलं तेव्हा म्हणाल्या, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे साफ खोटं आहे.

सोमवार अजून आहे. अप्पा मधल्या खुर्चीत, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रेवा. ती आता पहिलीत आहे आणि माझ्या तोंडातून काम काढून घेते. “अप्पा, तिनं लाल साडी नेसलीय.” “काळ्यापांढऱ्या सिनेमात लाल कुठून आली गं?” “मला दिसतेय ना!” मग त्या दोघांचं भांडण, आणि मला परत मागं जाऊन राहिलेलं बघायला लागतं.

परवा सिनेमा संपल्यावर आम्ही अप्पांना खाली सोडून आलो. परवाची हिरॉइन अप्पांना फार आवडली होती. तिची जिवणी, तिची भुवई उडवायची तऱ्हा, गालावरचा तीळ, सगळं त्यांनी माझ्याकडून दोन-दोनदा वदवून घेतलं होतं. जिना चढताना रेवा मध्येच पायरीवर थांबली.

“आई, अप्पांनी मला कधीच बघितलं नाही ना?”

“नाही गं. पण त्यांना तू माहीत आहेस की. तुझा आवाज माहीत आहे, पावलं माहीत आहेत.”

“तसं नाही.” तिनं माझा हात सोडला आणि वर माझ्याकडे बघितलं. “त्या बाईची भुवई सांगितलीस, तीळ सांगितलास. मग मी कशी दिसते म्हणून सांगितलंस?”